बंदूक खाली ठेवायची ती कोणासमोर?

२०२५ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती या माओवाद्यांच्या ज्येष्ठ नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. त्याचे छायाचित्र बहुतेक वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापले होते. आमच्या घरी सकाळचा पेपर आधी आईच्या हातात जातो. वय अठ्ठ्याऐंशी, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, तरी मथळे तीच आधी वाचणार. तिने ते छायाचित्र बराच वेळ न्याहाळले आणि मला विचारले, "ह्यात जयप्रकाश कुठे उभे आहेत रे?"

वयोमानाने तिची गल्लत झाली असे मला क्षणभर वाटले. जयप्रकाश नारायण १९७९ साली गेले. पण आईची गल्लत झालेली नव्हती. तिला एवढेच विचारायचे होते, की शस्त्र ठेवणारा इकडे आणि सरकार तिकडे, तर मध्ये कोण आहे? तिने आयुष्यात शस्त्रे खाली ठेवल्याची जी एकच मोठी बातमी जवळून पाहिली होती, त्या बातमीत मधला माणूस होता.

दोनच दिवसांनी छत्तीसगडमध्ये जगदलपूरला २१० माओवाद्यांनी दीडशेच्या वर शस्त्रे दिली, तेव्हा बस्तरच्या आदिवासी समाजातले मांझी-चालकी गुलाबाची फुले घेऊन त्यांच्या स्वागताला उभे होते. समारंभ सरकारीच होता. पण समाजाच्या माणसांना पुढे उभे करावे असे सरकारलाही वाटले. हे असे का वाटावे, याचा विचार करताना मला चंबळ आठवली.

चंबळशी आमचा संबंध मावशीमुळे. आईची ही धाकटी बहीण लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली. शिंद्यांच्या पदरी चाकरीला गेलेली मराठी घरे लष्कर भागात पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांतलेच तिचे सासर. हिंदीमिश्रित मराठी, दिवाळीला चकलीबरोबर गुजिया, गणपतीचे दहा दिवस मात्र पुण्यासारखे कडक. काका पाटबंधारे खात्यात होते. जौरा, सबलगढ, श्योपूर अशा ठिकाणी त्यांच्या बदल्या होत. त्या भागात तेव्हा 'पकड' हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक होता. पकड म्हणजे खंडणीसाठी पळवून नेलेला माणूस. अमक्याच्या मुलाची पकड झाली, तमक्याची पकड इतक्या हजारांत सुटली, अशी बोलणी आपल्याकडे पावसापाण्याची व्हावीत तशी होत. काकांनी १९६८ साली परवाना काढून एक बारा बोअरची दुनाली घेतली, ती या भीतीपोटी.

१९७२ च्या मे महिन्यात, सातवीची परीक्षा देऊन, मी आईबरोबर ग्वाल्हेरला सुट्टीला गेलो होतो. महिन्याभरापूर्वीच जौऱ्याला ते मोठे समर्पण झालेले. न्हावी, टांगेवाला, देवळातले पुजारी, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. काकांचे एक स्नेही तिथे प्रत्यक्ष हजर होते. ते रोज संध्याकाळी येऊन तीच हकीकत पुन्हा सांगत, आणि दर खेपेला मोहरसिंगच्या मिशा थोड्या वाढत.

झाले होते ते असे. मोहरसिंग आणि माधोसिंग हे त्या काळचे सर्वांत मोठे टोळीप्रमुख. १४ एप्रिल १९७२ रोजी मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला महात्माजींच्या तसबिरीसमोर, जयप्रकाश आणि प्रभावतीबाई यांच्या साक्षीने त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी बंदुका ठेवल्या. पुढे टोळ्या येत राहिल्या, आकडा शेकड्यांत गेला. त्या आधीचे काही दिवस पगारा धरणाच्या परिसरात पोलिसांनी पाऊल टाकायचे नाही असे ठरले होते, म्हणजे टोळ्यांना निर्धास्त जमता यावे. ज्यांच्या डोक्यावर लाखालाखाची इनामे, ते लोक खुल्या मैदानात गावकऱ्यांबरोबर बसलेले लोकांनी पाहिले.

ही हकीकत सांगताना बहुतेक लेखक एकदम मैदानातल्या त्या दृश्यावर जातात. चित्रपटात शोभेल असेच ते दृश्य होते. पण मला त्यामागच्या बारा वर्षांत अधिक रस आहे.

१९६० साली विनोबा पदयात्रेत भिंड-मुरैनात आले होते. त्याला निमित्त झाले एका पत्राचे. प्रसिद्ध बागी मानसिंग याचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची शिक्षा होऊन पडला होता. विनोबांचे दर्शन व्हावे अशी इच्छा त्याने पत्राने कळवली. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना त्याच्याकडे धाडले, आणि त्यातून त्या वर्षीच्या मे महिन्यात वीस बागींनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. 'डाकू' हा शब्द त्या भागात पोलिसांचा. लोक 'बागी' म्हणत, म्हणजे बंड करून उठलेला. विनोबांनी लोकांचा शब्द उचलला. कोणाचा शब्द वापरायचा हे ठरवले की अर्धी बाजू ठरते.

पोलिसांना ते मानवले नाही. मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलिसप्रमुख के. एफ. रुस्तमजी. हे जन्माने आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे, पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. आपली नापसंती त्यांनी लपवून ठेवली नाही. ज्या टोळ्यांशी लढताना शिपाई मेले त्या टोळ्यांच्या गळ्यात हार पडले, तर उद्या शिपायाने कशासाठी मरायचे, असा तो आक्षेप होता. सर्वोदयी मंडळींना तो फार लागला. मला मात्र तो आक्षेप खरा वाटतो. ज्यांच्या घरातले माणूस मारले गेले, त्यांच्याही बाजूने विचार केला तर आणखीच खरा वाटतो. हृदयपरिवर्तनाच्या गोष्टीत मेलेल्याची बायको सहसा नसते.

विनोबांच्या फेरीनंतर ते काम थंडावले, आणि टोळ्या पुन्हा वाढल्या. मग १९७१ मध्ये माधोसिंग कंत्राटदाराच्या वेषात, नाव बदलून, पाटण्याला जयप्रकाशांच्या घरी गेला. त्याआधी पवनारला विनोबांकडे विचारणा झाली होती, आणि विनोबांनी जयप्रकाशांकडे बोट दाखवले होते, असे सांगतात. हा पाहुणा कोण ते जयप्रकाशांना आधी ठाऊक नव्हते. शेवटी त्याने आपणच माधोसिंग म्हणून सांगितले, तेव्हा ते चमकले. प्रकृती बरी नसताना त्यांनी हे काम अंगावर घेतले.

घेतले ते मात्र १९६० चा धडा घेऊन. आधी केंद्र सरकारशी व संबंधित राज्यांच्या मुख्यमंत्र्यांशी बोलणे केले. कोणालाही फाशी होणार नाही असे आश्वासन मिळवले. खटले चालतील, शिक्षा भोगावी लागेल, पण दोर नाही. आणि दऱ्याखोऱ्यांत निरोप घेऊन गेले कोण? तर विनोबांसमोर शस्त्र ठेवलेला लोकमन दीक्षित ऊर्फ लुक्का, आणि फाशी माफ होऊन पुढे सुटलेला तो तहसीलदारसिंगच. १९६० च्या फेरीतून फक्त वीस बागी आले म्हणून तिला ज्यांनी फसलेली म्हटले, त्यांना ही माणसे दिसली नव्हती. पोलिसांचा निरोप टोळीपर्यंत पोचत नाही. पोचला तरी त्यावर कोणी विश्वास टाकत नाही. स्वतः बंदूक टाकून तुरुंग भोगून आलेला माणूस "मी जिवंत आहे, बघ" एवढे म्हणाला तरी पुरे होते.

दुसरे नाव एस. एन. सुब्बाराव यांचे. बंगळूरचा हा अर्ध्या चड्डीतला माणूस युवकांची शिबिरे घेत देशभर फिरे. गांधी शताब्दीच्या वर्षी महात्माजींवरचे फिरते प्रदर्शन घेऊन रेल्वेगाडी देशात हिंडली, तिचे काम त्यांनी पाहिले होते. १९७० साली त्यांनी जौऱ्याला महात्मा गांधी सेवा आश्रम काढला. बागींच्या घरच्या बायकामुलांशी आधी ओळख आणि बागींशी नंतर, हा त्यांचा क्रम होता. नवरा रानात, घरावर पोलिसांची पाळत, गावात वैरी. अशा बाईच्या घरी जाऊन चरख्याबद्दल बोलणारा पहिलाच माणूस हा असावा. २०२१ मध्ये वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले, तेव्हा अंत्यसंस्कार जौऱ्याच्या आश्रमातच झाले.

शरण आलेल्यांतल्या अनेकांना पुढे मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९७३ मध्ये सुरू झालेल्या त्या ठिकाणाचे नाव नवजीवन शिबिर. मराठी वाचकाला यात काही नवे वाटू नये. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत स्वातंत्र्याआधीच झाली होती. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला तो त्याच प्रयोगावरून.

हे सगळे चांगले झाले. आता त्या हकीकतीची दुसरी बाजू.

१९९६ च्या हिवाळ्यात मी मावशीकडे गेलो असताना काकांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचे लग्न मुरैन्याजवळच्या गावी होते, तिथे आम्ही गेलो. वरातीत निम्म्या पुरुषांच्या खांद्यावर बंदुका. ह्यांतला कोणीही डाकू नव्हता. शिक्षक होते, दूध संकलन करणारे होते, एक जण तलाठ्याच्या हुद्द्यावरचा पटवारी होता. वर घोड्यावर चढला आणि बार सुरू झाले. 'हर्ष फायरिंग' म्हणतात त्याला. गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालणारा एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा एकाएकी खाली बसला. बत्ती फुटली. आधी सगळ्यांना वाटले ठेच लागली. छऱ्यांनी त्याचा खांदा फाटला होता. त्याला जीपमध्ये घालून नेले, आणि नवल म्हणजे वरात थांबली नाही, फक्त बार थांबले. पुढे तो वाचला, पण हात पूर्वीसारखा वर होत नाही असे काकांनी पत्रात कळवले. पोलिसांत कोणी गेले नाही. मुलाच्या बापाला काही हजार रुपये मिळाले आणि प्रकरण गावातच मिटले. ज्याच्या बंदुकीतून बार सुटला त्याचा परवाना त्याच्याकडेच राहिला.

रात्री परत येताना काका म्हणाले, "मोहरसिंगने बंदूक ठेवली. आम्ही कुठे ठेवली?"

काकांचे हे वाक्य मी पुढे अनेकदा मनात घोळवले आहे. १९७२ मध्ये रानातली बंदूक गेली. ओसरीवरच्या खुंटीवरची गेली नाही, उलट वाढली. आधी ती बागींच्या भीतीने आली होती. बागी संपत गेले तसे तिचे कारण बदलले. ती अब्रूची खूण झाली, हुंड्याच्या बोलण्यात आली, निवडणुकीत आली. केंद्रीय गृहखात्याच्या २०१६ अखेरच्या आकड्यांनुसार देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, अडीच लाखांच्या आसपास मध्य प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजार. आणि हे फक्त कागदावरचे. कट्ट्याला कागद नसतो.

आणखी एक कारण आहे, ते शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. बँकेच्या दारात, रोकड नेणाऱ्या गाडीवर, बिल्डरच्या साइटवर जो बंदूकवाला पहारेकरी उभा असतो, त्याने आणलेली बंदूक पुष्कळदा त्याची स्वतःची असते. परवाना आणि बंदूक असेल तर पगार जास्त. चंबळेच्या बीहडांनी जमीन खाल्ली आहे. दर पावसाळ्यात घळी थोड्या पुढे सरकतात आणि कोणाचे तरी शेत थोडे मागे सरते. तीन भावांत दोन एकर वाट्याला आलेल्या मुलाने बंदुकीचा परवाना काढणे हे आपल्याकडच्या मुलाने ड्रायव्हिंगचे लायसन काढण्यासारखे आहे. त्याला अहिंसा शिकवायला जाणाऱ्याने पगाराचेही उत्तर बरोबर न्यायला हवे.

बंदुकीची ही हौस सरकारी अधिकाऱ्यांनी ओळखली, पण वापरली भलतीकडेच. २००८ मध्ये शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला परवाना लवकर देण्याची योजना निघाली, तिची बातमी थेट परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गेली. २०१९ मध्ये ग्वाल्हेरला परवाना हवा असेल तर दहा झाडे लावून त्यांच्यासोबतचे छायाचित्र दाखवा, असा फतवा निघाला. मावशीने हे मला फोनवर सांगितले तेव्हा तिला हसू आवरत नव्हते. हेतू चांगलेच होते. पण शासनच जेव्हा बंदूक बक्षीस म्हणून पुढे करते, तेव्हा ती चांगली वस्तू आहे यावर सरकारी शिक्का बसतो.

परदेशात हा प्रश्न कसा हाताळला गेला? मोझांबिकचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथे सोळा वर्षांचे यादवी युद्ध १९९२ मध्ये संपले. लाखोंच्या संख्येने शस्त्रे खेड्यापाड्यांत, घरात, शेतात पुरलेली. १९९५ मध्ये तिथल्या ख्रिस्ती परिषदेने, बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने, एक साधी गोष्ट सुरू केली. बंदूक आणा आणि तिच्या बदल्यात कुदळ, सायकल, शिवणयंत्र, छपराचे पत्रे न्या. नाव विचारायचे नाही, कुठून आणली ते विचारायचे नाही. एका गावाने मिळून शस्त्रे जमवून दिली आणि ट्रॅक्टर घेतला. जमा झालेली शस्त्रे तोडून कलावंतांना दिली गेली. त्या तुकड्यांची केलेली एक खुर्ची लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. परंतु त्या खुर्चीपेक्षा मला शिवणयंत्र महत्त्वाचे वाटते. बंदूक देणाऱ्याच्या हातात त्याच दिवशी कमाईचे दुसरे साधन पडत होते.

शिवणयंत्र आपल्याकडेही आले आहे. मणिपूरमध्ये २००४ च्या डिसेंबरात एका तरुण दुकानदाराला दुकानातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. बीनालक्ष्मी नेप्राम तेव्हा जवळपास होत्या. त्याच्या विधवेला त्यांनी आणि मैत्रिणींनी पैसे जमवून शिवणयंत्र घेऊन दिले, आणि त्यातून बंदुकीने उजाड झालेल्या बायकांची एक संघटनाच उभी राहिली. मघाशी मी म्हटले की मेलेल्याची बायको गोष्टीत नसते. इथे गोष्ट तिच्यापासूनच सुरू झाली.

तरीही मणिपूरकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, की एवढ्या संघटना, रात्री मशाली घेऊन पहारा देणाऱ्या त्या मैरा पायबी बायका, आणि २०२३ मध्ये काय झाले? पोलिसांच्या शस्त्रागारांतून सहा हजारांच्या घरात शस्त्रे लुटली गेली. इंफाळमध्ये एका आमदाराने घराबाहेर पेटी ठेवली, लुटलेली शस्त्रे गुपचूप यात आणून टाका म्हणून. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्यपालांनी आवाहन केले, मुदत वाढवली, तेव्हा हजारभर शस्त्रे आली. उरलेली का आली नाहीत याचे उत्तर अवघड नाही. शेजारच्या टेकडीवरचा ठेवत नाही तोवर मी का ठेवू? तिथे मधला माणूसच उरला नव्हता. ज्या संस्था दोन्हीकडे जाऊ शकत होत्या त्या एकेका बाजूच्या होऊन बसल्या. नागरी संघटना म्हटली की ती शांततेचीच असणार, हा आपला भाबडा समज मणिपूरने मोडला.

आफ्रिकेतल्या मालीत १९९६ च्या मार्चमध्ये टिंबक्टूला तीन हजारांच्या आसपास बंदुकांची होळी झाली. गावोगावच्या मंडळींनी बैठका घेऊन, कुरणे-पाणवठ्यांची भांडणे मिटवून ती घडवून आणली होती. त्याचे जगभर कौतुक झाले. २०१२ मध्ये लिबियातून शस्त्रे वाहत आली आणि सगळे विस्कटले.

आता कायद्याचे पाहा. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. विनापरवाना शस्त्र नुसते जवळ असणे हाच गुन्हा. म्हणजे एखाद्या गावच्या भजनी मंडळाने ठरवले, की देवळात पेटी ठेवू आणि कट्टे गोळा करू, तर पहिला आरोपी मंडळाचा अध्यक्ष होईल. मोझांबिकमध्ये जे चर्चने केले ते इथे शासनाच्या संमतीशिवाय कोणालाच करता येणार नाही. जयप्रकाशांनाही आधी दिल्लीचे दार ठोठवावे लागले ते यासाठीच. २०१९ च्या डिसेंबरात या कायद्यात बदल झाला. एका माणसाला पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत, ती दोनवर आली. आणि लग्नातला तो बार हा स्वतंत्र गुन्हा ठरला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. पण वरातीतल्या पाचशे माणसांपैकी एकाने तरी साक्ष द्यायला हवी, आणि तो एक माणूस कायद्याच्या पुस्तकातून येत नाही.

महाराष्ट्राने यात फार सुटकेचा श्वास सोडू नये. पुण्या-मुंबईत पकडल्या जाणाऱ्या गावठी पिस्तुलांचा माग अनेकदा सातपुड्यातल्या उमर्टीपर्यंत जातो. हे गाव मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात, आपल्या चोपडा तालुक्याच्या अगदी सीमेवर. एके काळी राजांच्या, गुरूंच्या फौजांसाठी हत्यारे घडवणारी शिकलगार मंडळी आहेत ती. हातात पिढ्यांची कला आणि तिला कायदेशीर गिऱ्हाईक नाही. छापे घालून भट्ट्या मोडता येतात, कला मोडता येत नाही. तिला दुसरे काम देणे हे कोणाचे काम?

कोकणातला प्रश्न निराळा आहे, आणि त्याला चंबळेच्या मापाने मोजणे अन्याय होईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, गोव्यातही, शेती संरक्षणाचे परवाने आहेत. माकडे आणि रानडुकरे यांनी नारळ, केळी, भात यांची जी दैना केली आहे ती पाहिली तर त्या शेतकऱ्याची बंदूक मिशीसाठी नाही हे कळते. दर निवडणुकीला ती पोलिस ठाण्यात जमा करावी लागते, आणि तेवढे दिवस डुकरांची चैन. मात्र याच बंदुका घेऊन रात्री शिकारीला जाणारे आहेत, आणि झुडपात हलले ते डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या आपण दर एक-दोन वर्षांनी वाचतो. इथे बंदूक ठेवा असा उपदेश करण्यापेक्षा कुंपणाला अनुदान मागणारी संस्था जास्त उपयोगी पडेल.

गडचिरोलीतही गावांनी काही केले आहे, त्याची नोंद घ्यायला हवी. २००३ पासून नक्षल्यांना गावबंदीचे ठराव तिथे होऊ लागले. काही गावांनी ठरावाबरोबर आपल्याकडच्या भरमार बंदुका पोलिसांकडे दिल्या. भरमार म्हणजे नळीत दारू ठासायची जुनी शिकारीची बंदूक. ठरावामागे ग्रामसभा किती आणि पोलिस पाटलाचा आग्रह किती, हे गावागणिक निराळे असणार. पण ग्रामसभेत बसून, सगळ्यांच्या देखत, सगळ्यांनी एकाच दिवशी ठेवणे, ही पद्धत मला पटते. मणिपुरात तेच तर होत नाही.

चंबळेच्या कामातून पुढे काय झाले हे मला पी. व्ही. राजगोपाल यांच्या वाटचालीत दिसते. केरळचा हा तरुण १९७० च्या सुमारास जौऱ्याला सुब्बारावांच्या हाताखाली बागींच्या कामात होता. पुढे त्यांनी बंदुका गोळा करण्याचे काम वाढवले नाही, तर एकता परिषद काढून जमिनीचा प्रश्न हाती घेतला. २००७ मध्ये पंचवीस हजार भूमिहीन व आदिवासी ग्वाल्हेरहून दिल्लीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. २०१२ मध्ये पुन्हा ग्वाल्हेरहूनच मोर्चा निघाला, तो सरकारने आग्र्याला बोलणी करून थांबवला. मला यात मोठा अर्थ दिसतो. चंबळेत बागी होणाऱ्याची कहाणी बहुतेक वेळा बांधावरून सुरू होते. मानसिंगचे तेच, पानसिंग तोमरचे तेच. भावकीत जमिनीचा तंटा, पटवारी विकला गेलेला, कोर्टात तारखा, मग एक खून, मग रान. तहसील कचेरीत सातबारा वेळेवर आणि खरा मिळाला तर कितीतरी बंदुका विकतच घेतल्या जाणार नाहीत. बंदूक कमी करण्याचे काम बंदुकीपासून इतके दूर सुरू करावे लागते, आणि तिथे छायाचित्र काढायला कोणी येत नाही.

१९८२ मध्ये मलखानसिंग आणि १९८३ मध्ये फूलनदेवी शरण आली, तेव्हा मंचावर मुख्यमंत्री होते आणि समोर अफाट गर्दी. त्या समारंभांनी टोळ्या फुटल्या हे खरे. चंबळेतल्या नामांकित टोळ्या पुढची पंचवीस वर्षे पोलिसांनी संपवल्या हेही खरे, आणि त्यात शिपाई मेले. रुस्तमजींच्या शिपायांचे ऋण नाकारून हा लेख लिहिला तर तो खोटा होईल. पण खुंटीवरची बंदूक चकमकीत संपत नाही.

काका २०१४ साली गेले. दुनाली घरातच. वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यावी किंवा पोलिस ठाण्यात, नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असा नियम आहे. आपल्याकडेही किती घरांत आजोबांच्या मागे अशी बंदूक माळ्यावर पडून असेल आणि ती आता बेकायदा आहे हे घरच्यांना ठाऊक नसेल! मावशीच्या दोन्ही मुलांना ती हवी होती. थोरला म्हणाला, बाबांची आठवण आहे. धाकटा म्हणाला, लष्करमध्ये आपल्या घराला मान आहे तो काय उगीच? मावशीने ऐकून घेतले. मग मला फोन केला. "अरे, ह्या बंदुकीनं चव्वेचाळीस वर्षांत एक कबूतर मेलेलं नाही. ती घरात आहे म्हणून तुझ्या काकांना झोप यायची, आणि ती घरात आहे म्हणून मला यायची नाही."

१९६८ पासून मोजले तर तिचा हिशोब दोन वर्षांनी चुकत होता, पण मी काही बोललो नाही. ती रिक्षा करून, दुनाली जुन्या चादरीत गुंडाळून, धाकट्याला बरोबर घेऊन ठाण्यात गेली. तिथल्या हवालदाराने तिला तीन चकरा मारायला लावल्या, कारण बंदूक जमा करायला स्वतःहून आलेली बाई त्याने आधी पाहिली नव्हती आणि कुठला कागद भरायचा हे त्याला माहीत नव्हते. तिसऱ्या खेपेला पावती मिळाली.

गल्लीत याची चर्चा झाली. शेजारच्या घरातल्या सूनबाई एकदा हळूच येऊन विचारून गेल्या, की कागद कोणते लागतात. त्यांच्या घरी दोन बंदुका होत्या. सासरे वारले होते, नवऱ्याला हर्ष फायरिंगची हौस. पुढे त्यांतली एक खरोखरच जमा झाली. दुसरी मात्र त्यांच्या धाकट्या दिराने नावावर करून घेतली. तो आता नोएडाला एका कंपनीच्या फाटकावर ती खांद्याला लावून उभा असतो, आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवतो.